धाकट्या बॅटरीचं पथ्य

बाळाजी गायधनी यांच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत, ही गोष्ट गाडी घेऊन तीन महिने झाले तरी त्यांना ठाऊक नव्हती. एक मोठी आहे हे माहीत होतं. तिच्यासाठीच तर ती गाडी घेतली होती. थोडी पेट्रोलवर, थोडी विजेवर चालणारी, सिग्नलला उभी राहिली की श्वाससुद्धा ऐकू न येणारी अशी ती हायब्रिड गाडी गंगापूर रोडच्या त्यांच्या सोसायटीत पहिलीच होती. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातून एखादी गोष्ट पहिल्यांदा व्हावी, असं रोज घडत नाही. पण मोठीच्या जोडीला डिकीत, गालिच्याखाली, उजव्या कोपऱ्यात एक धाकटी बॅटरीही असते, साध्या गाडीत असते तशीच किंबहुना त्याहून किरकोळ, हे त्यांना कळलं ते एका मंगळवारी सकाळी, गाडी चार दिवस उभी राहून सुरू व्हायला तयार होईना तेव्हा.

सर्व्हिस सेंटरचा माणूस आला, त्याने गाडी सुरू करून दिली आणि कारण समजावलं. गाडी ओढते मोठी बॅटरी, पण मोठीला जागं करायचं काम धाकटीचं. धाकटी उतरली की मोठी काठोकाठ भरलेली असूनही तिचा काही उपयोग नाही.

"म्हणजे साहेब कितीही मोठा असला तरी ऑफिसचं कुलूप शिपायानेच उघडायचं," बाळाजी म्हणाले.

"तसंच समजा, काका."

सरकारी नोकरी झालेली असल्याने हा मुद्दा त्यांना लगेच पटला. "आणि ही धाकटी उतरते कशाने?"

"उभी ठेवल्याने. गाडी चालवत जा थोडी रोज."

हा सगळ्यात सोपा उपाय होता, आणि तो त्यांनी तिथल्या तिथे बाद केला. गाडी बाहेर काढायची म्हणजे कॉलेज रोडच्या दुचाक्यांमधून काढायची, भाजीवाल्याच्या हातगाडीशेजारी उभी करायची, कुणीतरी हँडल घासून जायचं. रविवारी सोमेश्वरापर्यंत जाऊन आलं तरी ते घरी परतल्यावर बॅटरी हातात घेऊन चारी बाजूंनी ओरखडे तपासत. ही बॅटरी म्हणजे टॉर्च. गाडी चालवली तर ओरखडे पडतात आणि उभी ठेवली तर धाकटी उतरते, या दोन संकटांतलं त्यांनी दुसरं निवडलं, कारण त्यावर उपाययोजना करता येण्यासारखी होती. उपाययोजना हा शब्द उच्चारला की त्यांना नोकरीतले दिवस आठवत आणि पाठ ताठ होई.

पहिली उपाययोजना किल्लीची. या गाडीची किल्ली खिशात असली की गाडीला मालकाची चाहूल लागते आणि ती जागी राहते. आणि जागी राहिली की धाकटी उतरते. गायधन्यांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, नेमका पार्किंगच्या वर. तेव्हा किल्ली स्टीलच्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून, स्वयंपाकघरात सगळ्यात आतल्या फळीवर ठेवायची असं ठरलं. त्यांच्या पत्नी सुधाताईंनी फक्त कुठला डबा घेतलात तेवढं विचारलं.

दुसऱ्या दिवशी जिरं शोधताना तो डबा कुसाबाईंच्या हाती लागला. कुसाबाई त्या घरात सव्वीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. मूळच्या घोटीच्या पलीकडच्या, भातखाचरांतल्या एका गावच्या. नवरा गेल्यावर मुलाला, पुंजाला, सासूपाशी ठेवून नाशिकला आल्या आणि इथेच राहिल्या. गायधन्यांची मुलगी त्यांच्या हाताखाली वाढली, शिकली, लग्न होऊन बंगळूरला गेली.

"सायेब, डब्यात किल्ली कशापायी?"

बाळाजींनी सगळं नीट समजावलं. कुणी विचारलं तर ते नेहमीच नीट समजावत.

"म्हंजी किल्ली जवळ असली की गाडी झोपत नाय."

"बरोबर."

"आमचा पुंजा तसाच व्हता. सुट्टीला घरी गेले की मी हाये तवर झोपायचा नाय," असं म्हणून त्यांनी डबा होता तिथे ठेवला आणि जिरं दुसरीकडे शोधलं.

दुसरी उपाययोजना बसण्याची. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं की गाडी चालवणं जमत नसेल तर ती सुरू करून तासभर उभी ठेवावी, मोठी बॅटरी धाकटीला भरते. तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा बाळाजी पार्किंगमध्ये गाडीत बसू लागले. काचा वर, एसी बंद, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर, आणि त्या भिंतीवर 'येथे कचरा टाकू नये'. चार दिवसांत सोसायटीत चर्चा सुरू झाली. सेक्रेटरी तेजस्विनी शिरुडे यांनी सुधाताईंना लिफ्टमध्ये गाठून हळू आवाजात विचारलं, "काकू, घरी सगळं ठीक आहे ना? काका संध्याकाळी खाली बसलेले दिसतात." वॉचमन केरू तर न सांगता चहा आणून काचेवर टकटक करू लागला. घरात ज्याला थारा नाही अशा माणसाशी वागावं तसं तो अतिशय सौजन्याने वागत होता, आणि त्या सौजन्याने बाळाजींचा जीव अर्धा होत होता.

तिसरी उपाययोजना शेजारच्या सोमनाथ आहेरांची. आहेर मूळचे देवळ्याचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले. एका संध्याकाळी ते सरळ दार उघडून डाव्या सीटवर येऊन बसले.

"बाळाजीराव, एवढा बाऊ कशाला? आमच्याकडे कांदा निघाला की ट्रॅक्टर दोन-दोन महिने उभा असायचा. मायनसची वायर काढून ठेवायची. बॅटरी तशीच्या तशी."

बाळाजींनी मायनसची वायर काढली आणि डिकी न लावता नुसती टेकवून ठेवली. तिसऱ्या दिवशी परत लावली तेव्हा गाडीला वाटलं चोर आला. तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या दुपारच्या झोपेत ती सात मिनिटं अखंड ओरडली. शांत झाली तेव्हा तिच्या घड्याळात भलत्याच सालातला एक जानेवारी होता, आणि काचा किती वर जायचं ते विसरल्या होत्या. आहेर म्हणाले, "ट्रॅक्टरला काचा नसतात, तो मुद्दा राहिला."

मग चौथी उपाययोजना, आणि सगळं पुढचं तिच्यामुळे झालं. धाकट्या बॅटरीला रात्रभर थेंब थेंब वीज पाजत राहणारा एक छोटा चार्जर मिळतो. तो बाळाजींनी मागवला. त्याला प्लग हवा, आणि पार्किंगमध्ये प्लग एकच, केरूच्या केबिनबाहेरचा, सोसायटीच्या मीटरवरचा. त्यांनी रीतसर अर्ज केला. विषय: वाहनातील दुय्यम विद्युत्‌घटाची अवनती रोखण्याकरिता सामायिक वीजजोडणी वापरण्यास परवानगी मिळणेबाबत. तीन पानी अर्ज, दोन जोडपत्रं. आठ दिवसांनी तो शेरा मारून परत आला: वाहन विजेवर चालते किंवा कसे याचा खुलासा व्हावा. खुलासा केला. पुन्हा शेरा: अंशतः चालत असल्यास अंश किती. चौतीस वर्षं बाळाजींनी असेच शेरे मारून लोकांचे अर्ज परत पाठवले होते. पलीकडच्या बाजूने तो शेरा कसा दिसतो हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि पाण्याच्या पाळीसाठी खेटे घालणारे एक-दोन चेहरे त्यांना त्या संध्याकाळी भिंतीवर दिसले.

शेवटी परवानगी मिळाली. प्रायोगिक तत्त्वावर, आणि रात्री दहा वाजता प्लग बंद करण्याच्या अटीवर. अर्जात मागितलेलं मिळालं या आनंदात दहाची अट त्यांनी वाचली, पण मनावर घेतली नाही.

त्याच आठवड्यात कुसाबाईंनी सांगितलं की वैशाखात आपण काम सोडतोय. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. पुंजाने गावी दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलंय, त्याची घरभरणी आहे; ती झाली की तिथेच राहायचं. हे त्यांनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं. सुधाताई हातातलं काम सोडून ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. बाळाजी पाणी प्यायला आत आले होते. त्यांना काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं, आणि ते बोलले.

"कुसाबाई, तुम्ही एसटीने जायचं नाही. मी स्वतः तुम्हाला गाडीने दारापर्यंत सोडणार."

सुधाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कुसाबाई म्हणाल्या, "कशाला सायेब. गाडीला तरास."

यात टोमणा नव्हता, खरं तर काळजी होती. पण बाळाजींना ते लागलं. त्यांनी तीन वेळा सांगितलं की गाडीनेच जायचं. तेव्हा कुसाबाईंनी संध्याकाळी पुंजाला फोन केला. दोन दिवसांनी पुंजाचा बाळाजींना फोन आला. "सायेब, गाडी किती रुंद हाये?" घराकडे वळायच्या बोळात पेंढ्याची उडवी रचलेली होती, ती हलवायची का म्हणून विचारत होता. बाळाजींनी पुस्तकातून रुंदी मिलिमीटरमध्ये सांगितली. नंतर कळलं की पुंजाने उडवी हलवली आणि वळणावरचे दगडही काढले.

घरभरणीच्या आदल्या दिवशी कुसाबाईंनी भाड्याची खोली सोडली आणि सामान घेऊन गायधन्यांकडे आल्या. एक पत्र्याची ट्रंक, एक बोचकं, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तांब्याचा कलश आणि समई. ट्रंकेत भावकीतल्या बायकांसाठी एकवीस खण होते, वर्षभरात एकेक करून घेतलेले. घरभरणीला आपण आणलेला कलश पुजायचा, आपल्या हाताने एकवीस जणींची ओटी भरायची, हे त्यांनी कधीचं मनात धरलेलं होतं. सुधाताईंनी लाडवांचा डबा दिला.

"सामान राहू द्या वर, सकाळी भरू," सुधाताई म्हणाल्या.

"सकाळी घाई नको," बाळाजी म्हणाले, आणि केरूच्या मदतीने सगळं संध्याकाळीच डिकीत भरलं. ट्रंक आडवी बसेना, म्हणून पार सीटच्या पाठीला लावून उभी ठोकली. मग खबरदारी म्हणून, उद्याचा दिवस मोठा आहे म्हणून, त्यांनी धाकटीला चार्जर लावला. वायर बाहेर यायला हवी, तेव्हा डिकीचं झाकण पूर्ण न लावता मध्ये घडी केलेला नॅपकिन ठेवून अलगद टेकवलं. चार्जरचा हिरवा दिवा लागला. त्यांनी तो कुसाबाईंनाही वरून गॅलरीतून दाखवला.

दहा वाजता केरूने नियमाप्रमाणे प्लग बंद केला. डिकी उघडीच होती. डिकी उघडी म्हणजे गाडीच्या हिशेबाने मालक अजून सामान भरतोय. ती इमानाने मालकाची वाट पाहत रात्रभर जागी राहिली.

सकाळी सात वाजता बाळाजी धुतलेला शर्ट घालून खाली आले. वायर काढली, नॅपकिन काढला आणि दोन्ही हातांनी, बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तशी डिकी बंद केली. खट्‌ असा आवाज झाला. गाडीने त्या दिवशी दुपारपर्यंत काढलेला तो शेवटचा आवाज.

किल्लीच्या पोटात एक लोखंडी किल्ली लपवलेली असते, तिने पुढचं दार उघडलं. पण डिकीला किल्लीचं भोकच नव्हतं; ती विजेवर उघडते. वीज धाकटीत, आणि धाकटी डिकीत. बाळाजी हे दोनदा स्वतःशी म्हणाले. मग पुस्तक काढलं. त्यात होतं की मागची सीट पाडून आत शिरल्यास डिकीच्या आतल्या बाजूला एक खटका सापडतो. ते शिरले. सीट अर्धीच पडली, कारण मागे ट्रंक उभी होती. त्या फटीतून त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला. हाताला लाडवांचा डबा लागला, कलशाची गोलाई लागली, खटका काही लागला नाही. आणि मग हातही बाहेर येईना. केरूने पाय धरून त्यांना ओढून काढलं. कुसाबाई केरूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर हिरवं नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्यांनी त्या वेळी मान वळवून गेटकडे पाहिलं, हे बाळाजींच्या लक्षात आलं.

"टॅक्सी बोलवू या," सुधाताई म्हणाल्या.

"सामान गाडीत आहे सगळं," बाळाजी म्हणाले. "आणि मी सोडणार म्हटलंय."

आठ वाजता आहेर आपली जुनी गाडी जवळ घेऊन आले. हातात लाल-काळ्या जाड वायरी. "बॉनेट उघडा. पुढे फ्यूजच्या डब्यात लाल टोपणाखाली एक टोक असतं, याच कामासाठी. दहा मिनिटं लागतील."

बाळाजींनी पुस्तकातलं ते पान काढलं. टोक होतं, चित्रासकट होतं. पण चित्राखाली त्रिकोणात उद्गारचिन्ह होतं आणि लिहिलं होतं की वायरी उलट लागल्यास गाडीच्या विद्युत यंत्रणेला गंभीर इजा होऊ शकते. बाळाजींचं बोट त्या त्रिकोणावर थांबलं ते हललंच नाही.

"कंपनीचा माणूस येऊ दे. वॉरंटीचा प्रश्न आहे."

"बाळाजीराव, मी अडतीस वर्षं वीज हाताळली."

"ती वेगळी वीज, सोमनाथराव."

आहेरांनी वायरींची गुंडाळी केली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एकदा कुसाबाईंकडे पाहून जिना चढून गेले.

मग हेल्पलाइन. एक दाबा, तीन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पलीकडच्या मुलीने गाडीचा चासी नंबर विचारला, गाडी सुरक्षित ठिकाणी आहे का विचारलं, गाडीत कोणी अडकलं आहे का विचारलं. बाळाजी म्हणाले, सामान अडकलंय. ती म्हणाली, सामानाची कॅटेगरी नाही सर. दीड-दोन तासांत माणूस येईल.

पुंजाचे फोन येत होते. "निघालोच," कुसाबाई प्रत्येक वेळी सांगत होत्या. सव्वानऊला त्या खुर्चीचे हात धरून उठल्या.

"सायेब, मी निघते. बामन साडेअकराला येनार हाये."

"अर्धा तास थांबा. माणूस येतोच आहे."

"त्यो येईल त्याच्या टायमाला. मुहूर्त कसा थांबंल?"

सुधाताई चपला घालून उभ्या होत्या. "मी जाते यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या. त्यांनी बाळाजींना चला म्हटलं नाही. कदाचित म्हटलं असतं तर गाडीपाशी कुणीतरी हवं असं ते म्हणाले असते, आणि ते ऐकायची सुधाताईंची तयारी नसावी. रिक्षा आली. महामार्ग स्टँडवरून घोटीची बस, पुढे जीप. कुसाबाईंनी जाताना डिकीवर एकदा हात ठेवला. "असू द्या. सामान काय पळून जातंय," म्हणाल्या, आणि एक कापडी पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या.

कंपनीचा माणूस दीड वाजता आला. लाल टोपण उघडलं, वायर लावली, गाडी सुरू झाली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"हे तर कुणीही करून दिलं असतं, काका," तो म्हणाला. डिकी उघडली. ट्रंक, बोचकं, लुगड्यात गुंडाळलेला कलश, सगळं जागच्या जागी. "आता लगेच बंद करू नका. तास-दीड तास चालू राहू दे. एक लांब चक्कर मारून या."

तो गेला तेव्हा पावणेदोन झाले होते. बाळाजी स्टिअरिंगवर बसले. घोटी तासाभराचा रस्ता. विधी होऊन गेला असेल, पण पंगती चालू असतील, ओट्या भरायच्या असतील. त्यांनी गिअर टाकला. मग त्यांना वाटलं, वाडीवऱ्हेच्या चढाला बंद पडली तर? आणि गावात पोचून, सगळ्यांसमोर, निघताना सुरूच झाली नाही तर? ते चित्र त्यांना फार स्पष्ट दिसलं: ते बॉनेट उघडून उभे आहेत आणि भोवती सगळं गाव. त्यांनी गिअर परत काढला. तासभर थांबू, धाकटी पूर्ण भरू दे, मग पाहू. ते भिंतीकडे बघत बसून राहिले. सव्वातीनला त्यांनी गाडी बंद केली. आता जाऊन काय उपयोग, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि तेव्हा ते खरंच होतं. त्या दीड तासात गाडी घोटी ओलांडून पुढे गेली असती.

सुधाताई सहाच्या पुढे आल्या.

"कसं झालं?"

"झालं."

"कलशाचं काय केलं?"

"शेजारणीने स्टीलचा तांब्या दिला. तोच पुजला."

"आणि खण?"

"नुसते तांदूळ घातले ओटीत. कुणी काही बोललं नाही." त्या पाय धुवायला गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तो बोळ अगदी मोकळा केला होता त्यांनी. झाडून पाणी मारलं होतं."

त्या दिवशी बाळाजी जेवले नाहीत. सुधाताईंनी आग्रह केला नाही.

रविवारी दोघं सामान घेऊन निघाले. रस्ताभर बाळाजी काय बोलायचं ते जुळवत होते. त्यांनी सुरुवात धाकट्या बॅटरीपासून करायचं ठरवलं होतं, मग प्लग, मग दहाची अट. गाडी कुठेही बंद पडली नाही. बोळात ती सहज वळली. दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली.

पुंजा धावत आला. तिशी ओलांडलेला, आईसारख्याच रुंद कपाळाचा. त्याने दार उघडून बाळाजींच्या कोपराला आधार दिला. "एवढ्या उन्हात कशाला आलात सायेब? सामान म्या येऊन नेलं असतं. बरं वाटतंय ना आता?"

बाळाजींना ही बोलायची पद्धत वाटली. "हो, हो," ते म्हणाले.

ओट्यावर बसलेला एक म्हातारा उठला. "ताप उतरला का?"

बाळाजींनी सुधाताईंकडे पाहिलं. सुधाताई नव्या घराच्या उंबऱ्याकडे पाहत होत्या. एका बाईने सावलीत खाट टाकली, तिच्यावर उशी ठेवली. दुसरी म्हणाली, उन्हाळ्यातला ताप लय वाईट, पार गळाठून टाकतो मानसाला. म्हाताऱ्याने गुळवेलीचा काढा सांगितला, कसा उकळायचा तेही सांगितलं. बाळाजी खाटेवर बसले. त्यांना अजून नीट उलगडलं नव्हतं, पण पाय उचलून खाटेवर घ्यावे असं काहीतरी त्यांना वाटलं, आणि त्यांनी ते घेतले.

कुसाबाई आतून आल्या. "सायबांना वारा येऊ द्या जरा. गर्दी नका करू."

ट्रंक आत नेली. कलश बाहेर काढून कुसाबाईंनी पदराने पुसला आणि देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. बाळाजी खाटेवरून उठून मागोमाग आत आले; क्षणभर दोघंच होते.

"कुसाबाई, तुम्ही यांना सांगितलंत मी आजारी होतो?"

"काय सांगनार व्हते सायेब?" त्या हळू बोलल्या. "नवीकोरी गाडी, दारात उभी हाये, पन निघत नाय. कुनाला खरं वाटलं असतं? म्हनले असते, कामवालीला गाडीत बसवायचं सायबाच्या जिवावर आलं."

"तसं नव्हतं हो."

"मला म्हाईत हाये ना. तुमची ती ल्हानी बॅटरी उतरली व्हती."

बाळाजींना यावर सांगता आलं असतं. चार्जर, डिकी, नॅपकिन, सगळं क्रमाने पाठ होतं. पण त्यांना त्या दिवशीचे दुपारचे पावणेदोन आठवले, तेव्हा धाकटी उतरलेली नव्हती. ते कलशाकडे पाहत राहिले.

जेवणाची पानं मांडली. सगळ्यांना भाकरी, ठेच्यातलं वांगं, आमटी, नाचणीचे पापड. त्या वांग्याचा वास बाळाजी सव्वीस वर्षं ओळखत होते. त्यांच्या पानात कुसाबाईंनी स्वतः येऊन मऊ भात वाढला, वर तूप, कडेला मीठ. "दुखन्यातनं उठल्यावर हेच बरं," त्या म्हणाल्या. ही शिक्षा होती की माया, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. बाळाजींनी भात संपवला. कुसाबाईंनी आणखी वाढला, तोही संपवला. सुधाताईंनी वांगं दोनदा मागून घेतलं.

निघताना सगळे बोळापर्यंत आले. बाळाजी डाव्या बाजूला गेले, मागचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. "चला कुसाबाई. घोटीच्या बाजारापर्यंत एक चक्कर. तुम्ही बसलाच नाहीत कधी."

कुसाबाई पुढे आल्या. आत वाकून त्यांनी सीटकडे पाहिलं, तिच्यावरून तळहात फिरवला. भोवती पंधरा-वीस माणसं उभी होती. मग त्या मागे सरल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज नको सायेब. तुम्हाला अजून थकवा हाये. नीट घरी जावा. बरं वाटलं की या मंग."

"बरं," बाळाजी म्हणाले.

त्यांनी दार लावलं आणि गाडीला वळसा घालून आपल्या बाजूला आले. लोक बघत होते. त्यांनी दाराचा आधार घेतला, आधी एक पाय आत टाकला, जरा थांबले, आणि अंगातून ताप नुकताच उतरलेल्या माणसासारखे सावकाश खाली बसले. त्यात सोंग फारसं करावं लागलं नाही.